पश्चिमेला मोकळी जागा

शेवटी मी घर हरलो. सूर्यदेव शमशच्या देवळाच्या दारात, दुपारच्या जेवणाआधी, पाच न्यायाधीशांनी एकमताने ठरवलं की सिप्पार शहरात, डांबरवाल्यांच्या गल्लीत, जिथे मी जन्मलो, वाढलो आणि तापाने दोनदा मरता मरता राहिलो, तिथे घर नाही, आणि कधी नव्हतंच. निकाल मला मान्य आहे. मान्य असल्याची माझ्या नखाची खूणही त्यावर आहे. तर आता हे सगळं विसरून जाऊ. असं काही झालेलंच नाही. सकाळ आहे, उन्हाळा आहे, मी माझ्या घरात चटईवर बसलोय, पुढ्यात जवाची भाकरी, एक कांदा आणि कालचा मासा आहे, आणि चारही भिंती जिथल्या तिथे आहेत.

तेवढ्यात पूर्वेच्या भिंतीतली एक वीट माशावर पडली.

अशा वेळी माणूस ओरडतो, उठतो, निदान मासा बाजूला घेतो. मी विटेकडे पाहत बसलो. त्या भिंतीच्या अर्ध्या विटा माझ्या बापाने पाडलेल्या आणि अर्ध्या शेजारच्या म्हाताऱ्याने, आणि दोघांनी आयुष्यभर एकमेकांच्या विटांना नावं ठेवली. ही कुणाची, ते मला कळेना. भिंतीत आता एक भोक होतं, आणि भोकात एका माणसाचं नाक आणि एक डोळा. डोळ्याने मला पाहिलं, भाकरी पाहिली, वर छप्पर पाहिलं, आणि नाहीसा झाला.

"कारभारी," पलीकडून आवाज आला, "मोकळ्या जागेत एक माणूस जेवतोय."

"हाकल त्याला."

"वर छप्पर पण आहे."

"कुणाचं?"

"विचारतो. काय रे, छप्पर कुणाचं?"

"माझं," मी म्हणालो.

"त्याचंच आहे म्हणतोय, कारभारी."

मग कारभारी स्वतः गल्लीला वळसा घालून माझ्या दारात आला. त्याचं नाव इरीबाम. शमशच्या मठात दुशुप्तू नावाची एक थोर घरची बाई राहते. मठातल्या बाया लग्न करत नाहीत, मठाबाहेर फारशा पडत नाहीत, पण घरं आणि शेतं विकत घेतात, आणि पलीकडचं घर तिने तीन महिन्यांपूर्वी घेतलं होतं. तिचं सगळं हा बघायचा. तेल लावलेली दाढी, काखेत कापडात गुंडाळलेली घरखरेदीची मातीची पाटी. माणूस वाईट नव्हता. दार उघडं असूनही त्याने दारावर टकटक केली, आणि मोकळ्या जागेच्या दारावर टकटक केल्याची त्याला लगेच लाजही वाटली.

"हे बघ भाऊ," तो म्हणाला, "माझं तुझ्याशी काही भांडण नाही. पाटीत लिहिलंय. पूर्वेला गल्ली, उत्तरेला कुंभाराचं घर, दक्षिणेला कालवा, पश्चिमेला मोकळी जागा. पश्चिम म्हणजे ही. आता बाईंना तिथे जवाचं कोठार करायचंय आणि गाढवं बांधायला इकडे जागा हवीये. अमावास्येला गल्लीतले वडीलधारे मोकळ्या जागा वाटतात. आम्ही मागितलीये. शेजारी म्हणून पहिला हक्क आमचा."

"पण मी इथे आहे."

"ते दिसतंय मला." त्याने मान हलवली. "पण दिसण्याचं काय घेऊन बसलास? तुझ्याकडे आठ दिवस आहेत. नसशील तर नसल्यासारखा निघून जा, असशील तर न्यायाधीशांकडे जा."

तो गेल्यावर मी मासा धुतला आणि खाल्ला. सांगायला लाज वाटते, पण माझ्या मनात पहिली गोष्ट आली ती ही, की आपण नाही हे आपल्याला इतक्या उशिरा का कळलं. आत कुठेतरी शंका होतीच. चार वर्षं, बाप गेल्यापासून, मी सकाळी नदीच्या धक्क्यावर जातो, उलट्या ठेवलेल्या नावांच्या फटीत डांबर भरतो, संध्याकाळी येतो. नाववाले मला नावाने हाक मारत नाहीत, "इथे गळतंय" म्हणतात. बहीण दिलबात गावाला दिलेली, तिची शेवटची खबर आली तेव्हा तिला जुळं झालं होतं, ती जुळी आता बोलत असतील. आई मला आठवत नाही, तिच्या हातांना लागलेला तिळाच्या तेलाचा वास तेवढा आठवतो, आणि तोही तिचाच की दुसऱ्या कुणाचा, ते विचारायला कोणी उरलेलं नाही. अशा माणसाची जागा कुणी मोकळी लिहिली तर त्यात लिहिणाऱ्याचा पुरता दोष म्हणता येत नाही. मी अंगणात जाऊन उन्हात उभा राहिलो. सावली पडली. पण सावली गाढवाचीही पडते, आणि गाढवाला तर आता माझ्याआधी जागा मिळणार होती.

भोकातून मी पलीकडे पाहिलं. आयुष्यात पहिल्यांदाच त्या बाजूला पाहत होतो. नारुब्तूमावशीची खोली रिकामी होती. चूल फोडलेली, कोपऱ्यात जात्याचा गोल डाग. मावशी, म्हणजे शेजारच्या म्हाताऱ्याची बायको. तो माझ्या बापाच्या आधी एक वर्ष गेला. मावशी तशी माझी कुणी नव्हे. गल्लीत दिसली की म्हणायची, "हुन्या, डांबराचे हात माझ्या भिंतीला लावलेस तर तोडून ठेवीन," आणि मी म्हणायचो, "बरं मावशी," एवढंच आमचं बोलणं. पण बाप गेला त्या उन्हाळ्यात एक गोष्ट सुरू झाली. भर दुपारी, सगळी गल्ली झोपते, कुत्रीसुद्धा कालव्याच्या चिखलात निपचित पडतात, अशा वेळी मी भिंतीला टेकून बसलो होतो आणि काही सुचत नव्हतं म्हणून बोटाने भिंत कोरत होतो. पलीकडून तीन ठोके आले. ठक, ठक, ठक. मी तीन ठोके परत दिले. शांतता. मग पुन्हा तीन, जरा जोरात. मला इतकं बरं वाटलं की मी चार दिले. त्यानंतर चार उन्हाळे, रोज दुपारी. थंडीतही, धक्क्यावर काम नसलं की. आम्ही त्याबद्दल कधीही बोललो नाही. गल्लीत भेटली की तीच धमकी, हात तोडून ठेवीन. मला वाटायचं, काही गोष्टी बोलल्या की उडून जातात, हे तिलाही कळलेलं दिसतंय. माझ्या ओळखीतली ती एकच शहाणी बाई होती.

म्हणून तिने घर विकलं तेव्हा मी साक्षीदार म्हणून गेलो. शेजारी साक्षीला लागतोच. लेखक बुरनुनूकाकाच्या ओसरीवर आम्ही सातजण उकिडवे बसलो होतो, मधे जवाच्या दारूचा रांजण, त्यात सात नळ्या. काका पाटी मोठ्याने वाचत होता. मी ऐकत नव्हतो. मी मावशीच्या पायाकडे पाहत होतो. तिने हलहल्लाला मुलीकडे जायचं म्हणून नवे जोडे घातले होते, आणि ते तिला चावत होते, आणि ती एक पाय हळूच दुसऱ्यावर घासत होती. मी मनात म्हणत होतो, उद्या दुपारी काय करायचं? परवा दुपारी? काकाचा आवाज नदीसारखा वाहत होता, पूर्वेला अमुक, उत्तरेला तमुक. मग रिवाजाप्रमाणे तिने आपल्या घरातलं मुसळ इरीबामच्या हातात दिलं, म्हणजे घर पार झालं. तिने शमशची, मर्दुकाची आणि राजाची शपथ घेतली की पाटीत लिहिलंय ते सगळं खरं, आता मागे फिरणं नाही. कोणीतरी माझा हात धरून ओल्या मातीवर टेकवला आणि मी नख दाबलं. नखात डांबर होतं. पाटीत लिहिलं होतं की हुनाबूच्या जागी कोणी नाही, आणि खाली पाचवा साक्षीदार: हुनाबू.

हे मला बुरनुनूकाकाने सांगितलं, वीट पडली त्याच दिवशी, दुसऱ्या कुणाची पाटी लिहिता लिहिता, वर न बघता.

"नख तुझंच," तो म्हणाला. "अख्ख्या शहरात काळी नखखूण तुझी एकट्याची. मला ती बघून कावळा आठवतो."

"पण काका, तुम्ही तिथे मोकळी जागा का लिहिलीत? तुम्ही येता जाता मला बघता. गेल्या वर्षी माझ्या दारात घसरून पडला होतात."

"पडलो होतो. कंबर अजून धरते." त्याने बोरूचं टोक चाटलं. "अरे पोरा, सीमा लेखक लिहीत नाही, सीमा उतरवून घेतो. नारुब्तूच्या नवऱ्याने जागा घेतली तेव्हाची पाटी तिने आणून दिली. तेव्हा पश्चिमेला काही नव्हतं. मी तेच उतरवलं. माझ्या गुरूने त्याच्या गुरूचं उतरवलं. कोणी उठून बघायला जात नाही. उद्या प्रत्येक लेखक उठून बघायला लागला तर काय होईल कळतंय का? शेतं चालायला लागतील. शेजारी बदलतात रे. सीमा बदलत नाही."

"मग खोडा ना."

आता त्याने वर पाहिलं, जसं मी त्याला नदी जरा तिकडे सरकवा म्हणालो होतो. पाटी वाळलेली. तिच्यावर मातीचं पाकीट चढवलेलं, पाकिटावर तोच मजकूर पुन्हा, साक्षीदारांच्या खुणा पुन्हा. बाहेरचं कुणी बदललंच तर पाकीट फोडून आतलं वाचतात, आणि आतलं कुणालाच बदलता येत नाही. पाकीट फोडायला न्यायाधीश लागतात. "ही आमची करामत," तो म्हणाला, आणि त्याच्या आवाजात खराखुरा अभिमान होता. "चूकसुद्धा कोणाला चोरता येत नाही."

"तुझ्या बापाची पाटी असेल ना?" थोड्या वेळाने त्यानेच विचारलं. "मग रडतोस काय? ती घेऊन जा."

बापाची पाटी होती. छपराच्या खालच्या कोनाड्यात, वेताच्या टोपलीत, तिच्यावर कोळ्यांच्या तीन पिढ्या झाल्या होत्या. पाकीट शाबूत. बापाने ती मला लहानपणी एकदाच हातात दिली होती. मला वाटलं होतं जड असेल, ती भाकरीच्या लाटीएवढी होती. मी कानाशी धरून हलवली. आतली पाटी वाळून थोडी आखडलेली, म्हणून किंचित खुळखुळली. "काय आहे आत?" "आपण," बाप म्हणाला. तो बोलका माणूस नव्हता, त्यामुळे तो कधी बोलला की ते मला थोरामोठ्यांच्या वचनासारखं वाटायचं. बरीच वर्षं मी खरंच समजत होतो की आत आम्ही आहोत, बोटाएवढे, मी, बाप, आई, ताई, आणि हलवलं की एकमेकांवर आपटतो.

न्यायाधीशांनी ती लहान हातोडीने फोडली. आवाज अंड्यासारखा झाला. देवळाच्या दारात ऊन होतं, पायऱ्यांवर मेंढ्यांचा आणि जळक्या तुपाचा वास, माझ्या मागे इरीबाम जांभया देत उभा. पाकिटाचे तुकडे एका न्यायाधीशाच्या मांडीवर पडले आणि त्याने ते झटकून टाकले. त्यावर माझ्या बापाच्या वस्त्राच्या काठाचा ठसा होता. शिक्का नसलेला माणूस काठ दाबतो. थोरल्या न्यायाधीशांना जवळचं दिसत नव्हतं, म्हणून त्यांनी पाटी हातभर लांब धरून वाचली. जागा इतकी. घेणारा माझा बाप. उत्तरेला अमुक, दक्षिणेला कालवा. मग ते थांबले. पाटी शेजारच्या न्यायाधीशाला दाखवली. त्यानेही हात लांब करून वाचली, त्याचे तर डोळे चांगले होते.

"पूर्वेला," ते म्हणाले, "मोकळी जागा."

इरीबामची जांभई अर्ध्यात राहिली. "म्हणजे आमचं घर?"

"तुमचं घर."

"पण ते तर... महाराज, तेव्हा म्हातारा तिथे राहत होता. त्या दोघांनी मिळून भिंत बांधली."

"मोकळ्या जागेत कोण राहतं, हे आम्हाला कुठून कळणार?" थोरले न्यायाधीश म्हणाले. ते चिडलेले नव्हते, फक्त थकलेले. "याच्या पाटीप्रमाणे तुम्ही नाही. तुमच्या पाटीप्रमाणे हा नाही. मग या भिंतीचं भांडण करतंय कोण?"

मला तेव्हा एक विचित्र सुख झालं, हे कबूल केलं पाहिजे. इतकी वर्षं दोन नसलेली घरं एकमेकांना टेकून उभी होती. दोन नसलेली माणसं दुपारी ठोके देत होती. मला वाटलं, आता हे म्हणतील, जा बाबांनो, दोघेही नाही आहात, तर दोघेही राहा. पण न्यायाधीश असं म्हणत नसतात. विकणारीला आणा, ते म्हणाले. तिने देवाचं चिन्ह म्हणून देवळात ठेवलेल्या करवतीसमोर शपथेवर सांगावं, विक्रीच्या दिवशी भिंतीपलीकडे काय होतं. ती म्हणाली घर, तर घर. ती म्हणाली काही नाही, तर काही नाही.

एवढंच! मी पळतच धक्क्यावर गेलो. एका नाववाल्याची नाव मी फुकट डांबरून दिली आणि ती दोन दिवसांसाठी उसनी घेऊन हलहल्लाला निघालो. प्रवाहाविरुद्ध दिवसभर दोर ओढताना खांदे सोलले, पण मी गात होतो. मला गाता येत नाही. काठावरचे बगळे उठून गेले.

मावशी मुलीच्या अंगणात खजुराच्या सावलीत बसली होती. वाळली होती. मला बघून म्हणाली, "हुन्या? मेल्या, तू इकडे कुठे? हात बघू. धुतलेस?" मी तिला सगळं सांगितलं. तिला अर्धं कळलं. "म्हणजे मला जाऊन एवढंच सांगायचंय ना, की पलीकडे तू राहायचास? मग त्यात काय! सांगते की. त्याला पाच माणसं कशाला लागतात?" मुलगी म्हणाली, जाऊ दे ना आई, या वयात कज्जेखटले. मावशीने तिच्याकडे लक्ष दिलं नाही. ती जोडे शोधायला आत गेलेली होती. नाहीतरी तिला तिथे करमत नव्हतं.

परत येताना प्रवाह आमच्या बाजूने होता. ती नावेच्या मधोमध, चटईवर, डोक्यावर फडकं घेऊन. दुपार झाली. नदी पितळेसारखी. दोन्ही काठांवर कोणी नाही. मी मनात ठरवत होतो की आता बोलावं. चार उन्हाळे न बोललेलं आता बोललं तर उडून जाणार नाही, उडून जायला आता उरलंय काय? मी शब्द जुळवत होतो. मावशी, दुपारी ते... तेवढ्यात तीच बोलली.

"या वेळेला मला घराची फार आठवण येते बघ."

"हो ना, मावशी?" माझा आवाज चिरकला.

"मुलीचं घर चांगलंय. जावई बोलत नाही, पण चांगला आहे. पण दुपार जात नाही. तिकडे निदान उंदीर होते."

मी वल्हं उचललेलं तसंच धरून राहिलो.

"भिंतीत रे. आपल्या मधल्या. सगळे झोपले की कुरतडायला लागायचे. मी आपली मुसळ घेऊन ठोकायची, तीनदा. त्यातला एक मात्र मोठा शहाणा होता. मी तीन ठोकले की तोही तीन ठोकायचा! आधी घाबरले. मग राग आला, म्हटलं मेला वेडावतोय. जोरात ठोकायची. तर तो चार!" ती हसायला लागली, तोंडात दोन दात, फडकं डोळ्यांवर आलं. "नवरा गेल्यानंतर तेवढाच एक मला उलट उत्तर करणारा उरला होता. रोज वाट बघायचे मेल्याची. एखाद दिवस नाही आला की वाटायचं, मांजराने तर नाही ना धरला? कोणाला सांगितलं नाही कधी. हसतील ना लोक." मग थोडा वेळ नदीकडे पाहत ती म्हणाली, "मुलीकडे उंदीर नाहीत. तिने दोन मांजरं पाळलीत."

मी वल्हं पाण्यात घातलं. माझ्यात एकाच वेळी दोन गोष्टी झाल्या आणि त्या अजूनही चालू आहेत. एक, चार वर्षं मी ज्या एका माणसाच्या आधारावर जगलो, त्याला मी माणूस आहे हे माहीत नव्हतं. दोन, चार वर्षं कोणीतरी रोज दुपारी माझी वाट बघत होतं, आणि मांजराने मला धरलं नाही ना म्हणून काळजी करत होतं. माझी इतकी काळजी दुसऱ्या कोणी केलेली नाही. या दोन गोष्टी एकमेकींना पुसून टाकतील असं वाटत होतं. टाकत नव्हत्या. मी तिला सांगू शकलो असतो, मावशी, तो मी. पण मग तिचा उंदीर मेला असता, आणि बदल्यात तिला काय मिळालं असतं? मी.

दुसऱ्या दिवशी सकाळी देवळाच्या पायऱ्यांशी बुरनुनूकाका उभा होता. त्याने माझी बाही धरून मला बाजूला ओढलं.

"ती काय सांगणार आहे?"

"खरं. की मी राहत होतो."

"गाढवा!" तो कुजबुजला. "तिने त्रिवार शपथ घेऊन विकलंय की पाटीतलं सगळं खरं. आज ती म्हणाली पलीकडे घर होतं, की तेव्हाची शपथ खोटी. देवाची खोटी आणि राजाची पण खोटी. न्यायाधीश काय म्हणतील ठाऊक आहे? नदीत उतर म्हणतील. तरलीस तर खरी. या वयाची बाई तरते होय?"

"चूक तर तुमची होती."

"माझी होती," काका म्हणाला. त्याने नजर चुकवली नाही, ही त्याच्या बाजूने सांगायची गोष्ट. "पण शपथ मी घेतलेली नाही. लेखक कधीच घेत नाही."

मी वळून पाहिलं. मावशीला पायरीवर बसवलं होतं. ती जोड्याच्या आत बोट घालून टाच खाजवत होती, आणि न्यायाधीशांना सांगत होती की हे जोडे घेताना चांभाराने तिला फसवलं, याचाही निवाडा याच बैठकीत होईल का? देवाची करवत आणून तिच्यासमोर ठेवली. सोन्याचा मुलामा, दाते उन्हात चमकत होते. ती जरा चपापली, फडकं सारखं केलं.

"नारुब्तू," थोरले न्यायाधीश म्हणाले, "घर विकलंस त्या दिवशी भिंतीपलीकडे काय होतं?"

तिने सांगायला तोंड उघडलं. अगदी सरळ, स्वच्छ चेहरा. मला माझं नाव तिच्या ओठांवर येताना दिसलं. माझ्या आयुष्यात माझं नाव इतक्या स्पष्टपणे कुणाच्या चेहऱ्यावर आलेलं मी पाहिलं नव्हतं, आणि ते ऐकायची मला फार इच्छा होती.

"उंदीर," मी ओरडलो.

सगळे माझ्याकडे वळले.

"महाराज, मी दावा सोडतो. पलीकडे घर नव्हतं. मोकळी जागा होती. उंदीर होते."

"बाई, खरं आहे हे? उंदीर होते?"

"आता ग बाई!" मावशी गोंधळली. "उंदीर तर होतेच. त्याची मी शंभरदा शपथ घेईन. पण अहो, तिथे..."

"पुरे," थोरले न्यायाधीश म्हणाले. भूक लागली होती सगळ्यांना. "दोघांचं जुळतंय. लिही."

बुरनुनूकाका मांडी घालून बसला आणि मी दावा सोडल्याची पाटी लिहायला लागला. हुनाबू, अमक्याचा मुलगा, डांबरवाला. मग त्याचा बोरू थांबला. "महाराज, राहणार कुठला लिहू?" थोरल्यांनी क्षणभर विचार केला आणि म्हणाले, ती ओळ सोडून दे. मी नख दाबलं.

पायऱ्या उतरताना मावशीने माझ्या पाठीत धपाटा घातला. "खोटं का बोललास रे मेल्या? मी सांगत होते ना! आता राहणार कुठे तू?"

"बघू, मावशी."

"बघू काय? बाप असता तर..." ती थांबली. मग डोळे बारीक करून माझ्याकडे बघत राहिली, बराच वेळ, मला वाटलं आता हिच्या काहीतरी ध्यानात येतंय. "वाळलायस," ती म्हणाली. मग दुसऱ्या कुणाच्या तरी नावेतून तिला परत हलहल्लाला पाठवलं. ती जाईपर्यंत मी धक्क्यावर उभा होतो. तिने मागे वळून पाहिलं नाही, नावेत बसलेली माणसं सहसा पुढे बघतात.

अमावास्येला जागा वाटली गेली. भिंत पाडायला मीच मदत केली, इरीबामने त्याची मजुरी दिली, आणि माझी चटई, मडकी, सगळं धक्क्यावरच्या एका उलट्या ठेवलेल्या जुन्या नावेखाली नेऊन ठेवायला आपलं गाढवही दिलं. नाव गळकी आहे, पण वरून पाऊस पडेपर्यंत तिला ते कळणार नाही. लोक अजून मला हाक मारत नाहीत. दुपारी धक्का झोपतो. कधी कधी मी बोटाने नावेची फळी वाजवतो, तीनदा, आणि ऐकतो. लाकूड मातीपेक्षा चांगलं वाजतं, एवढंच म्हणता येईल.

काल मी बुरनुनूकाकाकडे गेलो आणि म्हणालो, एक पत्र लिहून द्या. त्याने मजुरी मागितली नाही, नवी माती घेतली, तळहातावर थापली. कोणाला, म्हणाला. मी सांगितलं. तो म्हणाला, ते वाचणार नाहीत. मी म्हणालो, तरी रीतसर लिहा.

सिप्पारच्या नगरप्रमुखाला आणि गल्लीगल्लीच्या वडीलधाऱ्यांना सांग, हुनाबू असं म्हणतो: शमश आणि मर्दुक तुम्हाला दीर्घायुष्य देवोत. मी बरा आहे. दाव्याबद्दल माझी तक्रार नाही, जागा परत मागत नाही. विनंती एकच, आणि ती सर्व लेखकांना आजपासून लागू व्हावी. शहरात कुठलंही घर विकलं जाईल तेव्हा पाटी लिहिण्याआधी लेखकाने स्वतः त्या जागेवर जावं. चारी बाजूंना एकेकदा तोंड करून उभं राहावं. प्रत्येक बाजूला "कोण आहे?" असं मोठ्याने विचारावं. आणि उत्तर येईपर्यंत थांबावं. किती वेळ थांबायचं, हे लेखकाने ठरवू नये. ते पलीकडच्याने ठरवावं.